काळ्या डागाचे भवितव्य : मेलॅनोमा, जनुके आणि शरीराची प्रतिकारशक्ती

— विकृतिशास्त्र विभागाकडून

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात एखाद्या आजाराविषयी सर्वसामान्य वाचकास समजेल असा एक लेख असावा, असा आपल्या विश्वस्त मंडळाचा प्रघात आहे. यंदा मेलॅनोमा हा विषय निवडण्यास एक निमित्त घडले. आपल्या एका जुन्या देणगीदार कुटुंबातील कर्ते गृहस्थ या आजाराने गेले. त्यांच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ आपल्या प्रयोगशाळेत जनुकीय तपासणीचे यंत्र बसविण्यासाठी भरीव रक्कम देऊ केली. देणगी देताना त्यांनी एक प्रश्नही विचारला : आजार कोणत्या वळणाने जाणार हे आधी कळले असते, तर काही निराळे करता आले असते काय? प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते, आणि ते केवळ त्या कुटुंबापुरते ठेवण्यासारखेही नव्हते. म्हणून हा लेख.

दुसरे निमित्त अधिक साधे आहे. शेतमजुरी करणाऱ्या एक बाई टाचेवरील काळसर जखम घेऊन आपल्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. दीड वर्ष ती जखम भोवरी समजून कापली जात होती, मध्यंतरी कोणाच्या सांगण्यावरून तिच्यावर चुनाही लावून झाला होता. जांघेत अवधाण आले तेव्हा मुलगा त्यांना घेऊन आला. तपासणीचा अहवाल हाती पडल्यावर त्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, आईचं आता किती?" या प्रश्नाला डॉक्टर जे उत्तर देतात ते कशाच्या आधारे देतात, आणि गेल्या पंचवीस वर्षांत तो आधार किती बदलला, हे पुढे सांगावयाचे आहे.

आजार कोणता?

आपल्या त्वचेचा रंग ज्या पेशींमुळे येतो त्या रंगपेशींच्या कर्करोगास मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या कातडीच्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये, तो फार आढळतो. प्रखर ऊन आणि फिकट त्वचा यांचा तो परिणाम होय. भारतात त्याचे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. परंतु विरळ म्हणून तो सौम्य आहे असे नव्हे. आपल्याकडे तो उन्हात असलेल्या भागांवर क्वचित होतो. तळपाय, टाच, नखाखालची जागा, तसेच तोंड व गुदद्वार यांचे आतील अस्तर ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. सुप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये हाच आजार सापडला आणि १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, ते गेले. नखाखालचा काळा डाग फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजला गेला होता. आपल्याकडे तो काटा रुतल्याचा, ठेच लागल्याचा किंवा कुरूपाचा समजला जातो, एवढाच फरक.

येथे एक गोष्ट आधीच नमूद करणे भाग आहे. मेलॅनोमावरील बहुतेक मोठे अभ्यास गोऱ्या रुग्णांवर झालेले आहेत. पुढे जे आकडे येतील ते वाचताना वाचकांनी ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

मिलिमीटरचे माप

भाकिताची पहिली खात्रीलायक खूण जनुकांत सापडली नाही, मोजपट्टीत सापडली. वॉलेस क्लार्क यांनी १९६९ मध्ये त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत आजार उतरला आहे, त्यावरून पाच पायऱ्या ठरविल्या. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, वॉशिंग्टनमधील विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी त्याहून सोपी युक्ती सुचविली : सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बसविलेल्या मापाने गाठीची जाडी सरळ मिलिमीटरमध्ये मोजावी. ०.७६ मिलिमीटरहून पातळ गाठी सहसा दगा देत नाहीत, असे त्यांना दिसले. पन्नासहून अधिक वर्षे उलटली, जनुकांची संपूर्ण लिपी वाचून झाली, तरी आज जगातील कोणत्याही मेलॅनोमाच्या अहवालात पाहिला जाणारा पहिला आकडा ब्रेस्लो यांचाच असतो. २०१८ पासून वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत १, २ आणि ४ मिलिमीटर या मुख्य पायऱ्या आहेत. पातळ गाठींत ०.८ ही आणखी एक रेषा आखलेली आहे. याच्या जोडीला गाठीवरची त्वचा फुटून व्रण झाला आहे की नाही, हे पाहिले जाते.

या मापाचे सामर्थ्य किती आहे, ते त्या वर्गवारीसाठी गोळा केलेल्या हजारो रुग्णांच्या माहितीवरून समजते. सर्वांत प्राथमिक अवस्थेतील रुग्णांपैकी शेकडा ९८ जण दहा वर्षांनंतरही या आजाराला बळी पडलेले नव्हते. गाठ ४ मिलिमीटरहून जाड व व्रणयुक्त असेल, पण अन्यत्र पसरलेली नसेल, तर हेच प्रमाण शेकडा ७५ होते. या मापासाठी लागते काय? नीट काढलेला तुकडा, नीट बनविलेली काचपट्टी आणि मोजणारा डोळा. आमच्या विभागाला या गोष्टीचा थोडासा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

आणि म्हणूनच भोवरी समजून वरवर खरवडलेला तुकडा आमच्याकडे येतो तेव्हा वाईट वाटते. जाडीचे माप तेथेच हरवलेले असते, आणि ते पुन्हा कोणत्याही यंत्राने मिळत नाही.

पहारेकरी ग्रंथी

त्वचेतून निघालेल्या कर्कपेशी प्रथम जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. टाचेच्या गाठीसाठी त्या जांघेतील ग्रंथी होत. डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये असे दाखविले की, गाठीभोवती निळा रंग टोचला तर तो ज्या एका ग्रंथीत सर्वप्रथम पोहोचतो तीच काढून तपासावी. वेशीवरच्या पहारेकऱ्याने शत्रू पाहिला नसेल, तर तो गावात शिरलेला नसण्याचाच संभव अधिक. मध्यम जाडीच्या गाठी असलेल्या रुग्णांत ही ग्रंथी निर्दोष असेल तर दहा वर्षांनी शेकडा ८५ जण आजारापासून वाचलेले होते. ग्रंथीत पेशी सापडल्या असतील तर शेकडा ६२. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे आहेत.

मग दूषित ग्रंथी सापडली की जांघेतील सर्वच ग्रंथी काढाव्यात, हे ओघानेच आले, असे आम्हां सर्वांना वाटत होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने ते चुकीचे ठरविले. पहारेकरी ग्रंथी दूषित असलेल्या रुग्णांत उरलेल्या ग्रंथी लगेच काढल्या किंवा नुसती सोनोग्राफीने पाळत ठेवली, तरी तीन वर्षांनी वाचलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, शेकडा ८६ होते. हातापायाला कायमची सूज मात्र पहिल्या गटात शेकडा २४ जणांना आली, दुसऱ्यात ६ जणांना. तेव्हा एखादी खूण भविष्य सांगते म्हणून तिच्यामागोमाग केलेले प्रत्येक उपचार उपयोगी पडतातच असे नाही. पुढे जनुकांकडे जाताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

(वर उल्लेखिलेल्या बाईंना या निष्कर्षाचा लाभ नव्हता. त्यांची ग्रंथी हाताला लागण्याइतकी मोठी झालेली होती, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेचे नियम निराळे आहेत.)

जनुकांची साक्ष

सन २००२ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, मेलॅनोमाच्या बहुसंख्य गाठींत बीरॅफ नावाच्या एका जनुकात बदल झालेला असतो. हे जनुक पेशीला 'वाढ' असा निरोप देणाऱ्या साखळीतील एक कडी आहे. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ६०० व्या स्थानी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरेच बसते आणि निरोप बंद होतच नाही. घराची घंटा वाजविण्याचे बटण आत अडकून बसावे तसे. (आरंभी हे स्थान ५९९ वे मानले गेले होते. मूळ नोंदीतील एक चूक ध्यानात आल्यावर ते ६०० झाले. जुने अहवाल वाचताना या एका अंकाने आमचाही गोंधळ उडालेला आहे.) पुढील अभ्यासांत हे प्रमाण गोऱ्या लोकांच्या त्वचेवरील मेलॅनोमात सुमारे निम्मे ठरले. आपल्याकडील तळपायाच्या मेलॅनोमात ते बरेच कमी असते. तेथे काही गाठींत किट नावाच्या जनुकात बदल सापडतो.

बीरॅफ बदलला म्हणजे रुग्णाचे भवितव्य वाईट, असा सरळ अर्थ आरंभी अनेकांनी लावला. परंतु २००३ मध्येच दिसून आले की अगदी निरुपद्रवी तिळांतही बहुतांशी हाच बदल असतो. आपल्या प्रत्येकाच्या अंगावर अशी अडकलेली बटणे आहेत, आणि जन्मभर त्यांतून काही होत नाही.

येथे दोन प्रश्न वेगळे करणे अगत्याचे आहे. वर्तमानपत्रांतील लेखांत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला प्रश्न : उपचार कोणतेही असोत, हा आजार कसा वागेल? दुसरा : अमुक औषध या रुग्णाला लागू पडेल काय? ब्रेस्लो यांचे माप पहिल्याचे उत्तर देते, दुसऱ्याचे देत नाही. बीरॅफची तपासणी पहिल्याबाबत जवळजवळ मौन पाळते, पण दुसऱ्याचे उत्तर स्पष्ट देते. बदललेल्या बीरॅफलाच गाठणारे वेमुराफेनिब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि त्यानंतर दाब्राफेनिब व ट्रामेटिनिब या गोळ्यांची जोडी आली. ज्यांच्या गाठीत हा बदल आहे अशा, आजार शरीरभर पसरलेल्या रुग्णांपैकी शेकडा ३४ जण या जोडीवर पाच वर्षांनी हयात होते. बदल नसलेल्याला या गोळ्या देणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया घालविणे होय.

असे असूनही २०२१ च्या अखेरीस जाहीर झालेल्या एका अमेरिकन चाचणीने पुन्हा विचार करावयास लावले. बीरॅफ बदललेल्या रुग्णांतही आधी प्रतिकारशक्तीची इंजेक्शने आणि मग लागल्यास गोळ्या, असा क्रम ठेवला तर दोन वर्षांनी शेकडा ७२ जण हयात होते. उलट क्रमाने शेकडा ५२. म्हणजे खूण स्पष्ट, औषध हाताशी, आणि तरीही ते प्रथम देणे हितकर नव्हे.

जनुकाने भवितव्य सांगण्याचे उत्तम उदाहरण त्वचेत नाही, डोळ्यात आहे. डोळ्याच्या आतील रंगीत पडद्यातही मेलॅनोमा होतो. त्या गाठीच्या पेशींत तिसऱ्या गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एक नाहीशी झालेली असेल, तर तो आजार पुढे यकृतात पसरण्याचा धोका फार वाढतो. हे १९९६ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झाले. त्या गुणसूत्रावरील बॅप-१ हे जनुक यामागे असल्याचे २०१० मध्ये समजले. डोळ्याबाबत हे भाकीत इतके विश्वासार्ह आहे की अनेक देशांत ते सरसकट वर्तविले जाते. परंतु ते समजल्यानंतर आजाराचा प्रसार थांबविण्याचा खात्रीचा उपाय बराच काळ नव्हता. ठाऊक असणे आणि काही करता न येणे, ही अवस्था कितीतरी रुग्णांनी भोगली आहे, आणि काहींनी ती तपासणी नाकारली आहे. त्यांचा तो अधिकार आम्हांस मान्य आहे. २०२२ मध्ये पसरलेल्या आजारासाठी टेबेन्टाफस्प हे औषध अमेरिकेत मान्य झाले. मात्र ते रुग्णाच्या ऊतींचा एक ठराविक प्रकार असेल तरच लागू पडते, आणि तो प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आपल्याकडे कमी आढळतो.

त्वचेच्या गाठीतील अनेक जनुकांची हालचाल एकदम मोजून धोक्याचा अंक देणाऱ्या तपासण्याही बाजारात आहेत. एकात ३१ जनुके पाहिली जातात. त्यांची जाहिरात आकर्षक असते. अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने मात्र २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांचा सरसकट वापर करू नये असेच म्हटले. जाडी, व्रण आणि पहारेकरी ग्रंथी यांनी जे सांगितले त्यात या अंकाने किती भर पडते आणि त्यामुळे रुग्णाचा उपचार बदलून त्याचे आयुष्य वाढते काय, हा खरा निकष आहे. आमच्या मते त्या निकषावर या तपासण्या अद्याप उतरावयाच्या आहेत.

शरीर काय म्हणते?

आतापर्यंत आपण शत्रूकडे पाहिले. घरच्या फौजेकडेही पाहावयास हवे. मेलॅनोमाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तिच्या कडेने व आतही लहान, गडद निळ्या ठिपक्यांसारख्या पेशी दिसतात. त्या लिंफोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीचे सैनिक. काही गाठींत त्यांची दाटी असते, काहींत त्या तुरळक असतात, काहींत मुळीच नसतात. क्लार्क यांनीच १९८९ मध्ये या तीन प्रकारांना भाकितात स्थान दिले. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० रुग्णांचा असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या थोड्या रुग्णांच्या गाठीत सैनिकांची दाटी सर्वाधिक होती, त्यांपैकी पाच वर्षांत एकही जण या आजाराने दगावला नव्हता. ही खूण पाहण्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. जी काचपट्टी जाडी मोजण्यास घेतली तिच्यावरच ती दिसते.

मग सैनिक असूनही गाठ वाढते कशी? याचे उत्तर ज्यांनी शोधले त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सैनिकपेशींवर लगामासारखी प्रथिने असतात, जेणेकरून त्यांनी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये. कर्कपेशी हे लगाम खेचून धरतात. लगाम सोडविणारी इंजेक्शने २०११ पासून (इपिलिमुमॅब) आणि २०१४ पासून (पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब) वापरात आली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृतात व मेंदूत पसरलेला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार व पेम्ब्रोलिझुमॅब यांनंतर ते २०२४ च्या डिसेंबरपर्यंत, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, जगले. एका रुग्णावरून नियम बांधू नये, पण आकडेही बोलके आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीत, पसरलेला मेलॅनोमा असलेल्यांपैकी दोन औषधे एकत्र मिळालेले शेकडा ४३ जण हयात होते. केवळ निव्होलुमॅब मिळालेल्यांत हे प्रमाण ३७, तर केवळ इपिलिमुमॅब मिळालेल्यांत १९ होते. आम्ही विद्यार्थी असताना अशा रुग्णांच्या आयुष्याची गणना महिन्यांत होत असे.

कोणाला ही औषधे लागू पडतील, हे आधी सांगणाऱ्या खुणेचा शोध मात्र अर्धवट राहिला आहे. गाठीवर पीडी-एल१ हे प्रथिन किती आहे ते मोजतात. ते भरपूर असेल तर लाभाची शक्यता वाढते; पण ते मुळीच नसलेल्या रुग्णांनाही लाभ होतो, म्हणून त्यावरून औषध नाकारता येत नाही. गाठीत जनुकीय बदल जितके अधिक तितकी ती सैनिकांना परकी वाटते, असेही दिसले आहे. उन्हाने झालेल्या मेलॅनोमात असे बदल प्रचंड असतात. तळपायाच्या व अस्तराच्या मेलॅनोमात ते फार कमी. आपल्या रुग्णांत या औषधांचा गुण तुलनेने कमी का येतो, याचे एक कारण येथे असावे. नातेवाइकांना परदेशांतील आकडे सांगताना आम्ही हात राखून बोलतो ते यामुळेच.

एक खूण अशी आहे की तिच्याबद्दल आपल्या समाजात वेगळे बोलावे लागते. ही इंजेक्शने घेणाऱ्या काही रुग्णांच्या अंगावर कोड उठते. लगाम सुटलेले सैनिक रोगी रंगपेशींबरोबर निरोगी रंगपेशींवरही चालून जातात आणि त्वचेवर पांढरे डाग पडतात. ज्यांना असे डाग येतात त्यांचा आजार आटोक्यात राहण्याची शक्यता अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. २०१० मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांवरील एका मोठ्या जनुकीय पाहणीत असेही दिसले की, रंगद्रव्य बनविणाऱ्या टायरोसिनेज जनुकाचे जे रूप कोडाची शक्यता वाढविते, तेच मेलॅनोमाची शक्यता कमी करते. परंतु घरात लग्नाची मुलगी असताना आईच्या हातावर पांढरे डाग दिसू लागले, तर हे शास्त्र कोण ऐकतो? डाग दिसल्याने घाबरून उपचार सोडून देण्याची भाषा आमच्यासमोर झालेली आहे. म्हणून नातेवाइकांना विनंती की, कोड संसर्गजन्य नाही, आणि या आजारात ते दिसले तर इंजेक्शन बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावे. हीच औषधे कधीकधी आतडे, यकृत वा थायरॉइडवरही उलटतात; जुलाब, कावीळ किंवा दम लागणे ही लक्षणे मात्र एक दिवसही अंगावर काढू नयेत.

अगदी अलीकडे उपचारालाच खूण मानण्याची पद्धत पुढे आली आहे. ग्रंथीत पसरलेला मेलॅनोमा असेल तर आधी दोन मात्रा इंजेक्शने देतात, मग शस्त्रक्रिया करतात आणि काढलेली ग्रंथी आमच्यासारख्यांकडे पाठवितात. तीत जिवंत कर्कपेशी किती उरल्या ते पाहून पुढचे ठरते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या क्रमाने वर्षअखेर शेकडा ८४ रुग्ण आजार न उलटता राहिले. आधी शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ५७ होते. येथेही शेवटी सूक्ष्मदर्शकच लागतो.

आणि सर्वांत स्वस्त खूण? रक्तातील एलडीएच. तालुक्याच्या प्रयोगशाळेतही ती होते. पसरलेल्या आजारात तिची पातळी वाढलेली असणे इतके महत्त्वाचे आहे की आंतरराष्ट्रीय वर्गवारीत तिला अधिकृत स्थान आहे. वर उल्लेखिलेल्या गोळ्यांच्या जोडीवर, एलडीएच योग्य पातळीत असलेल्यांपैकी पाच वर्षांनी शेकडा ४३ जण हयात होते. वाढलेली असणाऱ्यांपैकी १६.

देणगीविषयी

आता त्या कुटुंबाच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांच्या वडिलांची गाठ काढली गेली तेव्हा ती जाड आणि व्रणयुक्त होती. कोणत्याही जनुकीय यंत्राने त्याहून वाईट अथवा चांगली बातमी बहुधा दिली नसती. बीरॅफची तपासणी मात्र उपयोगी पडली असती. ती झाली नाही, कारण गाठीचा जपलेला ठोकळाच सापडला नाही. गाठ ज्या ठिकाणी काढली तेथे ती तपासणीस पाठविताना कशात बुडवून ठेवली होती, हेही आज कोणास सांगता येत नाही. आम्ही हे त्यांना स्पष्ट सांगितले. ऐकताना त्यांना त्रास झाला, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आम्ही असे मत मांडले की, विरळ आजारासाठी महागडे यंत्र घेतल्यास ते बहुतांश काळ झाकून ठेवावे लागेल आणि त्याची रसायने मुदत संपून वाया जातील. जनुकांचे सविस्तर वाचन बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेता येते. त्याऐवजी देणगी तीन कामांना लावावी. एक, ऊतींवरील प्रथिने रंगवून ओळखणाऱ्या तपासणीची सोय. मेलॅनोमाची खात्री करण्यास ती लागतेच. शिवाय बीरॅफमधील सर्वाधिक आढळणारा बदल व्हीई-१ नावाच्या प्रतिपिंडाने याच पद्धतीने अल्प खर्चात ओळखता येतो. दोन, गरीब रुग्णांच्या बाहेरील तपासण्यांसाठी राखीव निधी. तीन, आसपासच्या दवाखान्यांना फॉर्मेलिनच्या तयार बाटल्या आणि गाठ कशी काढावी याचे एक पानी पत्रक. डाग खरवडू नये, जाळू नये; शक्य असेल तेथे कडेच्या एक ते तीन मिलिमीटर त्वचेसह पूर्ण काढून लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकावा, एवढाच त्याचा आशय आहे. कुटुंबाने हे मान्य केले. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे होते की बाटल्यांवर वडिलांचे नाव नको, तळपायाचे चित्र छापावे. तसेच होईल.

औषधांच्या खर्चाचा प्रश्न याने सुटत नाही, हे आम्ही जाणतो. प्रतिकारशक्तीची इंजेक्शने आपल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि एखादी खूण 'औषध लागू पडेल' असे सांगते तेव्हा ते परवडत नसलेल्या कुटुंबावर आणखी एक ओझे पडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, डोके व मानेच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी निव्होलुमॅब तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या जोडीला दिले. वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण त्याने शेकडा १६ वरून ४३ वर गेले. तो आजार निराळा आहे, मेलॅनोमाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु आपल्याकडील प्रश्न आपल्याकडेच विचारले तर काय हाती लागते, याचे ते उदाहरण आहे, आणि तळपायाच्या मेलॅनोमाबाबत असा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा.

टाचेची जखम असलेल्या त्या बाईंची गाठ व ग्रंथी काढण्यात आली. बीरॅफमध्ये बदल नव्हता, किटमध्येही नव्हता. एलडीएच योग्य पातळीत होती. गाठीत सैनिकपेशी तुरळक होत्या. मुलाला आम्ही एक आकडा सांगितला नाही. दर तीन महिन्यांनी तपासणीस आणावे, जांघ व पोटाची सोनोग्राफी करावी, आणि घरातील सर्वांचे तळपाय एकदा उजेडात पाहावेत, असे सांगितले. हा अहवाल छापावयास जाईपर्यंत त्या चार वेळा येऊन गेल्या आहेत.

नातेवाइकांसाठी शेवटची सूचना. शस्त्रक्रियेनंतर मिळणारा विकृतिशास्त्राचा अहवाल आणि मेणाचा ठोकळा ही रुग्णाच्या उपयोगाची वस्तू आहे. नवी तपासणी निघाली की तीच पुन्हा उपयोगी पडते. आपल्या विभागातील ठोकळे क्रमांकवार कपाटात ठेवलेले असतात. दुसऱ्या रुग्णालयात सल्ल्यासाठी न्यावयाचे असल्यास अर्ज करून, पावती घेऊन ते नेता येतात; काम झाल्यावर कृपया परत आणून द्यावेत.